‘वेडाचे एक पान’: हा मूकपट मुका नव्हता

१/ जपानी प्रायोगिक चित्रपटाची चर्चा १९२६ सालच्या ‘कुरुत्ता इप्पेजी’पाशी, म्हणजे ‘वेडाचे एक पान’ या मूकपटापाशी, सुरू होते आणि बहुधा दोन घोटीव वाक्यांत संपते. एक, ही जर्मन ‘कॅलिगरी’ची नक्कल. दोन, हा कोणालाच न उमगलेला, काळाच्या पुढचा चित्रपट. दोन्ही वाक्ये आळशी आहेत.

२/ जर्मन प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. पण प्रभाव म्हणजे नक्कल नव्हे. ‘कॅलिगरी’तले वेड रंगवलेल्या वाकड्या भिंतींत आहे. इथे ते कॅमेऱ्यात आणि संकलनात आहे: एकावर एक चढणाऱ्या प्रतिमा, मुसळधार पाऊस, गजांआड नाचणारी स्त्री. आपल्यामुळे पत्नीला वेड लागले, या टोचणीने एक म्हातारा खलाशी तिच्याच मनोरुग्णालयात सफाईचे काम पत्करतो. अखेरीस, स्वप्नात, तो रुग्णांच्या चेहऱ्यांवर हसरे नो मुखवटे चढवतो. दिग्दर्शक तेइनोसुके किनुगासा पूर्वी निक्काट्सु कंपनीत स्त्रीभूमिका करणारा नट होता. सोंगाचे मोल त्याला बर्लिनहून शिकावे लागले नाही.

३/ खरा वाद दुसऱ्या वाक्याशी. चित्रपटात कथा सांगणारी एकही अक्षरपाटी नाही, म्हणून तो ‘अगम्य’ ठरवला जातो. पण त्या काळी जपानी चित्रगृहात पडद्याशेजारी बेन्शी उभा असे. तो पात्रांचे संवाद बोले, प्रसंगाचे निरूपण करी. प्रेक्षक कित्येकदा नटापेक्षा त्याच्यासाठी तिकीट काढत. तोक्योच्या मुसाशिनोकानमध्ये या चित्रपटाला आवाज होता तोकुगावा मुसेईचा, त्या काळच्या नामवंत बेन्शीचा. शब्दांवाचून केवळ प्रतिमांनी बोलू पाहणारी कृती प्रेक्षकांपर्यंत शब्दांतूनच पोहोचली. हा विरोधाभास प्रतिभेच्या दंतकथेहून कितीतरी रोचक आहे. तरी तोच वगळला जातो.

४/ अगम्यतेचे मूळ १९२६त कमी, १९७१त अधिक. हरवलेली मानलेली प्रत किनुगासालाच आपल्या कोठारात सापडली. त्याने तिला संगीत जोडून ती पुन्हा प्रदर्शित केली. उपलब्ध प्रत मूळ चित्रपटाहून आखूड आहे आणि तिच्यात बेन्शी नाही. कथेचे दुवे गाळलेली, निवेदक हरवलेली प्रत पाहून १९२६च्या प्रेक्षकाला गोंधळलेला ठरवणे हा इतिहास नव्हे.

५/ जाता जाता, यासुनारी कावाबाता. पटकथेवर अनेकांचे हात फिरले होते; पण १९६८च्या नोबेलनंतर बाकीची नावे कोणाच्या लक्षात राहणार?