विश्लेषण : लोणारचं पाणी गुलाबी करणारे जीव गोड्या पाण्यात का फुटतात?

जून २०२०. लॉकडाऊनच्या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं. फोटो व्हायरल झाले, तर्कवितर्क सुरू झाले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पाण्याचे नमुने नागपूरच्या 'नीरी' आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे तपासणीसाठी पाठवण्यात आले. आघारकर संस्थेने उत्तर दिलं : हा रंग 'हॅलोआर्किया' या सूक्ष्मजीवांचा आहे. पाऊस नसल्याने आणि उन्हामुळे पाणी आटलं, क्षारता वाढली आणि हे जीव भरमसाट वाढले.

रंग पुढे ओसरला. पण हे जीव नेमके आहेत कोण, आणि लोणारच्या भवितव्याशी त्यांचा काय संबंध?

हे बॅक्टेरिया आहेत का?

नाही. दिसायला बॅक्टेरियासारखे असले तरी ते 'आर्किया' या वेगळ्या गटातले आहेत. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये जनुकीय तुलनेच्या आधारे हा गट वेगळा असल्याचं दाखवलं. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण ३.५ टक्के असतं. अनेक हॅलोआर्कियांना मात्र २० टक्क्यांच्या आसपास मीठ मानवतं. मृत समुद्रात आणि मिठागरांतही ते सापडतात.

एवढ्या मिठात ते जगतात कसे?

काकडीवर मीठ भुरभुरलं की तिला पाणी सुटतं. तसंच खारट पाणी पेशीतलं पाणी ओढून घेतं. हॅलोआर्किया यावर सरळ उपाय करतात. ते स्वतःच्या पेशीतही क्षार भरून घेतात. मात्र बाहेर सोडियम जास्त असतं, तर आत प्रामुख्याने पोटॅशियम. आत-बाहेर तोल साधला की पाणी ओढलं जात नाही.

पण इथे दुसरी अडचण येते. इतक्या क्षारांत साधी प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि ती निकामी होतात.

मग त्यांची प्रथिनं कशी टिकतात?

उत्तर जनुकांत आहे. 'हॅलोबॅक्टेरियम एनआरसी-१' या प्रकाराचा संपूर्ण जीनोम २००० मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे २६ लाख अक्षरं, म्हणजे डीएनएच्या जोड्या आहेत. त्यांत लिहिलेल्या बहुतेक प्रथिनांमध्ये ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्ल ही ऋणभारित अमिनो आम्लं नेहमीपेक्षा बरीच जास्त आढळली. प्रथिनाच्या पृष्ठभागावरचे हे ऋणभार पाणी आणि पोटॅशियमचे आयन भोवती धरून ठेवतात. त्यामुळे गुठळ्या होत नाहीत.

या जीनोममध्ये जागा बदलणारे डीएनएचे तुकडेही भरपूर आहेत. हे तुकडे एखाद्या जनुकात घुसले की ते बंद पडतं. म्हणूनच प्रयोगशाळेत एकाच प्रकारापासून वेगळ्या दिसणाऱ्या वसाहती सहज तयार होतात.

रंग कशामुळे येतो?

मुख्यतः 'बॅक्टेरिओरुबेरिन' या लालसर रंगद्रव्यामुळे. ते तीव्र उन्हापासून पेशीचं रक्षण करतं. काही प्रकारांत 'बॅक्टेरिओरोडॉप्सिन' हे जांभळं प्रथिनही असतं. ते सूर्यप्रकाशाच्या मदतीने पेशीतून प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि त्यातून ऊर्जा मिळवून देतं. १९७५ मध्ये रिचर्ड हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने याच प्रथिनाचा त्रिमितीय आकार दाखवला. पुढे क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीतल्या कामासाठी हेंडरसन यांना २०१७ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

गोड्या पाण्यात काय होतं?

जी रचना मिठात तारते, तीच गोड्या पाण्यात मारते. भोवतालचे क्षार कमी झाले की प्रथिनावरचे ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात आणि त्याची घडी उलगडते. पेशीचं बाहेरचं आवरणही क्षारांमुळेच टिकून असतं. ते ढिलं पडतं, पाणी आत शिरतं आणि पेशी फुटते. प्रयोगशाळेत काही हॅलोआर्कियांचा डीएनए काढण्यासाठी त्या नुसत्या शुद्ध पाण्यात टाकल्या तरी पुरतं.

लोणारसाठी याचा अर्थ काय?

पाणी गुलाबी झालं की आपण घाबरतो. पण तो रंग म्हणजे प्रदूषण नव्हे. सरोवरातल्या क्षारांचं प्रमाण वाढल्याची ती खूण होती. खरी काळजी उलट्या दिशेची आहे. वस्तीचं सांडपाणी आणि जादा गोडं पाणी सरोवरात येत राहिलं, तर क्षारता उतरते आणि खाऱ्या पाण्यावरच जगणाऱ्या जीवांची जागा साधे जीव घेऊ लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला 'रामसर' पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. मात्र हे सरोवर वेगळं ठरतं ते त्याच्या पाण्याच्या रसायनामुळे. पाणी किती आहे याइतकंच ते किती खारं आहे, यावरही लक्ष ठेवावं लागेल. सरोवर काठोकाठ भरलेलं असूनही 'लोणार' उरलेलं नसेल, अशी वेळ येऊ शकते.