मुक्या जिवाचे ताट



गेल्या अंकात हे सदर आले नाही, म्हणून अनेक भगिनींनी आपुलकीने चौकशी केली. घरात आजारपण होते. आजारी होती ती आमची काजळी. नऊ वर्षांपूर्वी हळदीच्या पेठेतील आमच्या दुकानाच्या पायरीवर पावसात कुडकुडत बसलेले हे काळे पिल्लू धाकट्या चिरंजीवांनी घरी आणले, आणि तेव्हापासून ते घरचेच झाले. तिच्या आजारपणात आमच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो श्वान पाळणाऱ्या प्रत्येक जैन घरापुढे आज ना उद्या उभा राहील असे वाटते, म्हणून आज त्याविषयी.

दिवाळीनंतर तिच्या स्तनाजवळ सुपारीएवढी गाठ हाताला लागली. माजावर येणाऱ्या, नसबंदी न झालेल्या कुत्रीमध्ये हा कर्करोग फार आढळतो. पहिल्या माजापूर्वी नसबंदी केली तर त्याचा धोका पुष्कळच टळतो. हे आम्हाला त्या वेळी कोणी सांगितले नव्हते असे नाही. ‘मुक्या जिवाला विनाकारण शस्त्र कशाला लावायचे’, असे आम्हीच म्हटले होते. दयेपोटी टाळलेली छोटी शस्त्रक्रिया शेवटी मोठी होऊन पुढ्यात आली. ज्यांच्या घरी लहान मादी पिल्लू असेल, त्यांनी आमच्या चुकीवरून शहाणे व्हावे.

गाठ काढली. जवळच्या लसिकाग्रंथीतही रोग पोहोचला होता, म्हणून दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध सुरू झाले. तेवीस किलोची काजळी महिन्याभरात वीस किलोवर आली. पाठीचा कणा हाताला टोचू लागला. डॉक्टर म्हणाले, “औषध लागू पडते आहे, पण शरीर टिकले पाहिजे. प्रथिने वाढवा. उकडलेले चिकन द्या.”

त्या संध्याकाळी घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही.

आमच्या मामंजींचे वय ब्याऐंशी. चौविहार कधी चुकला नाही. त्यांच्या देखत हा विषय काढायचा कसा, हाच मोठा पेच होता. चिरंजीव म्हणाले, “मी बाहेरून आणून बाहेरच खाऊ घालतो, घरात भांडेही येणार नाही.” सासूबाई म्हणाल्या, “भांडे घरात आले नाही म्हणून पाप बाहेर राहते का रे?” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कृत, कारित आणि अनुमोदित असे हिंसेचे तीन मार्ग आपण लहानपणापासून ऐकतो. स्वतः न मारता दुसऱ्याकडून मारविणे आपल्याला सुटत नाही.

पण मामंजींनी दुसरीच बाजू काढली. ते म्हणाले, “अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध आहे, हे विसरू नका. आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाला जे अन्न लागते ते न देणे, हाही दोषच. ती पंचेंद्रिय आहे, आपल्या दारी बांधलेली आहे, स्वतः जाऊन अन्न शोधू शकत नाही. तेव्हा प्रथम हे शोधा, की तिला मांस लागते की प्रथिने लागतात.”

हा प्रश्न घेऊन आम्ही प्राण्यांच्या आहाराचा विशेष अभ्यास केलेल्या पशुवैद्यांकडे गेलो. तेथे जे कळले ते थोडक्यात सांगते.

मांजर आणि कुत्रा यांत मूलभूत भेद आहे. मांजराला टॉरिन, ‘अ’ जीवनसत्त्व अशी द्रव्ये प्राणिज पदार्थांतून तयार स्वरूपातच लागतात. त्यामुळे पुढील कोणतीही गोष्ट मांजराला लागू करू नये. कुत्र्याचे तसे नाही. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढलेला हा प्राणी पिष्टमय अन्न पचवायला शिकला आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली लांडगा व कुत्रा यांच्या जनुकांची तुलना करून हे दाखवून दिले. म्हणजे कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, मात्र तो शाकाहार परिपूर्ण असला पाहिजे. आपल्या ताटातील वरणभात म्हणजे परिपूर्ण श्वानाहार नव्हे, आणि येथेच बहुतेक शाकाहारी घरे चुकतात.

वरणभातात काय उणे असते? मेथिओनिन नावाचे अमिनो आम्ल डाळींत कमी असते. कुत्रा त्यापासूनच टॉरिन तयार करतो आणि टॉरिन हृदयाच्या स्नायूला लागते. ‘बी-१२’ वनस्पतींत नसते. सूर्यप्रकाशातून ‘ड’ जीवनसत्त्व बनविण्याची आपल्यासारखी क्षमता कुत्र्याच्या त्वचेत नसते, म्हणून तेही अन्नातूनच मिळावे लागते. कॅल्शियम तर घरच्या अन्नात फारच अपुरे पडते. फॉस्फरसच्या मानाने ते निदान बरोबरीचे हवे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी २०१३ साली श्वानांसाठीच्या घरगुती अन्नाच्या दोनशे पाककृती तपासल्या. त्यांतील सुमारे ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक द्रव्य कमी भरले. त्यांत मांसाच्या पाककृतीही होत्या. म्हणजे नुसते चिकन-भात घातल्यानेही प्रश्न सुटत नाही, हे समजल्यावर आमच्या मनावरचा निम्मा भार उतरला.

कर्करोगातून उठणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत पहिले ध्येय एकच असते, ते म्हणजे वजन आणि त्याहून अधिक स्नायू राखणे. या रोगात शरीर स्वतःचेच मांस जाळते. म्हणून थोड्या अन्नात भरपूर प्रथिने व स्निग्धांश हवेत. किती अन्न द्यावे याचा हिशेब व्यापाऱ्याच्या घरी अवघड वाटू नये. दुकानातला कॅल्क्युलेटर घ्या. वजनाचा घन करा. आमच्या काजळीचे वजन २०, म्हणजे २० गुणिले २० गुणिले २०, उत्तर ८,०००. त्याचे दोनदा वर्गमूळ काढा, साधारण ९.४६ येते. त्याला ७० ने गुणा. सुमारे ६६० किलोकॅलरी झाल्या. ही झाली नुसते पडून राहण्याची गरज. हिंडत्याफिरत्या कुत्र्याला तिच्या दीडपट, म्हणजे हजाराच्या आसपास लागतात. हा आरंभीचा अंदाज आहे. खरा न्याय तराजूच देतो. दर रविवारी त्याच तराजूवर, त्याच वेळी वजन करून वहीत टिपावे.

आमच्यासाठी ठरलेल्या अन्नात शिजवून मऊ केलेले सोयाबीनचे वडे, सालीविना मूगडाळ, भात, लाल भोपळा, घरचे ताजे पनीर आणि थोडे तेल होते. या सगळ्यावर वैद्यांनी काजळीच्या वजनाला मोजून दिलेली जीवनसत्त्वे व खनिजांची पूड, आणि टॉरिन. ही पूड म्हणजे या आहाराचा प्राण आहे. ती वगळून बाकीची पाककृती कोणी उचलू नये. माशाच्या तेलाऐवजी शैवालापासून काढलेले ओमेगा-३ तेल मिळते, ते आम्ही घेतले. जवसाच्या तेलाचे त्या स्वरूपात रूपांतर करणे कुत्र्याच्या शरीराला फारसे जमत नाही. तूप शक्ती देते, पण एकदम जास्त घातले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून तेही चमच्याने मोजूनच. दूध पुष्कळांना पचत नाही. थोडे दही चालते. मात्र मामंजींच्या आग्रहाखातर दही आणि डाळ एका ताटात कधी आले नाही. द्विदलाचा नियम काजळीनेही पाळला.

ज्यांना घरी करणे शक्य नाही, त्यांनी ‘परिपूर्ण व संतुलित’ असे स्पष्ट लिहिलेले तयार शाकाहारी खाद्य वैद्यांना दाखवून घ्यावे. घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी, कारण सोया प्रथिनांच्या खाद्यातही प्राणिज चरबी असू शकते. आणखी एक सावधगिरी. डाळी व वाटाणे भरपूर असलेल्या, धान्यविरहित खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली. निश्चित निष्कर्ष निघाला नाही, तरी डाळींवर भर असलेला आहार दीर्घकाळ देणार असाल तर अधूनमधून हृदयाची तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

आजाराची बातमी पसरली तसे सल्ले येऊ लागले. कोणी म्हणाले, भात बंद करा, साखरेवर कर्करोग पोसतो. कर्कपेशी साखर अधिक वापरतात हे ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखविले हे खरे, परंतु भात बंद केल्याने कुत्र्याचा रोग हटतो असे सिद्ध झालेले नाही, आणि उपाशी राहिल्याने तो खंगतो हे मात्र डोळ्यांना दिसते. आमची पेठच हळदीची, तेव्हा हळदीचा सल्ला दहा जणांनी दिला. चिमूटभर हळदीने बिघडत नाही. मात्र तिच्या अर्काच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या व कर्करोगावरील औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात, म्हणून वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. कच्चे मांस उत्तम, असेही एकाने सांगितले. अहिंसेचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी, औषधाने पांढऱ्या पेशी घटलेल्या कुत्र्याला कच्च्या अन्नातील जंतू घातक ठरतात.

येथे आपल्या जैन स्वयंपाकघराचा मोठा उपयोग झाला. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. ते आपल्या घरी येतच नाहीत. शिळे अन्न आपण ठेवत नाही, पाणी उकळून घेतो. दुबळ्या झालेल्या जिवाला हे सारे हितकारकच. मात्र एका बाबतीत आपणच अधिक धोक्यात आहोत. द्राक्षे, बेदाणे, मनुका कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. सांगली-तासगावकडील घरांत बेदाण्याची पाटी उघडी असते, आणि लाडाने दोन दाणे टाकण्याची सवय असते. ती सवय आजच मोडावी. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले साखरविरहित पदार्थही तितकेच वर्ज्य.

औषध दिल्यावर पहिले काही दिवस काजळी ताटाकडे पाहून तोंड फिरवी. अशा वेळी बळजबरीने भरवू नये. मळमळीच्या काळात भरवलेल्या पदार्थाचा कुत्र्याला कायमचा तिटकारा बसतो. मळमळ थांबविणारे औषध वेळेवर द्यावे, अन्न कोमट करावे म्हणजे वास सुटतो, आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. दोन दिवस काहीच खाल्ले नाही, वारंवार उलट्या झाल्या किंवा अंग तापले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

त्या पाच-सहा वेळांतली शेवटची वेळ रात्री दहाची होती. पहिल्या रात्री मी उठून स्वयंपाकघरात गेले तो दिवा आधीच लागलेला. सूर्यास्तानंतर आयुष्यभर पाण्याचा थेंबही न घेतलेले मामंजी वाटी कोमट करीत उभे होते. मी संकोचले. ते म्हणाले, “नियम माझा आहे, तिचा नव्हे.” त्यानंतर ती वेळ त्यांनी कोणालाच दिली नाही.

म्हणूनच पुढची गोष्ट त्यांना विचारण्याचे धैर्य मला झाले. “सहा आठवड्यांत वजन सावरले नाही, किंवा मधेच किलोभर आणखी उतरले तर?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर डॉक्टर सांगतील ते अन्न तिला मिळेल. त्याचा दोष आहे, तो मी नाकारणार नाही. मी गुरुदेवांपुढे आलोचना करीन, प्रायश्चित्त घेईन. पण माझे व्रत निष्कलंक दिसावे म्हणून ती झिजून गेली, असे मला होऊ द्यायचे नाही.” सासूबाईंना हे पटले नाही, आणि आजही पटलेले नाही. आमच्या घरात या एका प्रश्नावर दोन मते आहेत. दोन्ही मते दयेतूनच आली आहेत, हे जाणून आम्ही एकत्र राहतो.

ती वेळ आली नाही. सहाव्या रविवारी वहीत २१ किलो ४०० ग्रॅमची नोंद झाली. पुण्याई आमची की सोयाबीनची, हे मी ठरवणार नाही. प्रत्येक कुत्र्याचे असेच होईल, असे वचनही देणार नाही. मूत्रपिंडाचा वा यकृताचा विकार सोबत असेल तर हिशेबच बदलतो. म्हणून आमची पाककृती नव्हे, आमची वही घ्या. आधी वैद्य, मग तराजू, मग ताट.

आणि हा निर्णय संकट येण्याआधी घरात सर्वांनी बसून करा. आजारी जीव ताटाशी वाट पाहत असताना शास्त्रार्थ करायला वेळ नसतो.

हे लिहीत असताना दहा वाजत आले आहेत. काजळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली आहे. तिला घड्याळ कळत नाही, पण मामंजींच्या काठीचा आवाज कळतो.

जय जिनेंद्र.