सही करण्याआधी कागद वाचून घ्या



मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतील एक मामा आणि मामी घरी आले. मामा सफाई खात्यातून निवृत्त झालेले. मामींच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेला कागद होता. मामा म्हणाले, "भाऊ, घर घेतलं. एवढा कागद जरा वाचून बघा."

कागद पाचशे रुपयांच्या स्टँपवर टाईप केलेला, खाली नोटरीचा गोल शिक्का. घराची किंमत २८ लाख. ग्रॅच्युइटी आणि फंडाच्या पैशातून मामांनी ६ लाख रुपये बिल्डरला दिले होते. मी विचारले, "मामा, रजिस्ट्रेशन कधी आहे?" मामा म्हणाले, "बिल्डर म्हणतो निम्मे पैसे भरा, मग करू. पण शिक्का मारलाय ना?"

बंधूंनो, या शिक्क्यावरच आपली माणसे विसंबतात. समोरच्या माणसाने आपल्यासमोर सही केली, एवढेच नोटरी सांगतो. त्याच्या शिक्क्याने घर कोणाच्या नावावर होत नाही. घराचा करार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावा लागतो.

चालू बांधकामातील घरासाठी आज स्थावर संपदा कायदा, २०१६ म्हणजेच रेरा लागू आहे. त्याचे कलम १३ प्रत्येकाने पाठ करावे. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मामांच्या घराचा हिशेब केला तर ही रक्कम होते २ लाख ८० हजार. बिल्डरने घेतले ६ लाख. म्हणजे कायदा मोडला बिल्डरने, आणि रात्रीची झोप उडाली मामांची!

पुढे कागद वाचला. क्षेत्रफळ ५४० चौरस फूट लिहिले होते, पण 'सुपर बिल्टअप'. घराच्या भिंतींच्या आत किती जागा मिळणार, त्याचा उल्लेख नाही. ताबा 'अंदाजे' तीन वर्षांत. मामांचा हप्ता चुकला तर १८ टक्के व्याज, पण बिल्डरने ताबा द्यायला उशीर केला तर काय, याबद्दल एक ओळही नाही. मामांनी घर रद्द केले तर २० टक्के रक्कम कापणार.

असे एकतर्फी करार सर्वोच्च न्यायालयासमोरही गेले आहेत. २०१९ साली पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन या खटल्याचा निकाल लागला. घर गुडगावचे होते. ग्राहकाला हप्त्याला उशीर झाला तर १८ टक्के व्याज, आणि बिल्डरने पैसे परत करायला उशीर केला तर फक्त ९ टक्के, असे त्या करारात लिहिले होते. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, ग्राहकाला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून पर्यायच नव्हता. अशी एकतर्फी कलमे त्याच्यावर बंधनकारक नाहीत, ती अनुचित व्यापारी प्रथा आहे. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. पण त्यासाठी त्याला दिल्लीपर्यंत भांडावे लागले. आपण सहीआधीच सावध झालो तर ही पायपीट वाचते.

म्हणून करार हाती आला की पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) महारेराचा नोंदणी क्रमांक. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक मिळाला की मुलांना महारेराच्या संकेतस्थळावर तो तपासायला सांगा.

२) क्षेत्रफळ 'कार्पेट एरिया'मध्येच लिहिलेले हवे. बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती त्यात धरत नाहीत.

३) ताब्याची नक्की तारीख. ती उलटली तर कलम १८ प्रमाणे पैसे व्याजासह परत मागता येतात. किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते.

४) व्याजाचा दर. आपण चुकलो तर जो दर, तोच बिल्डर चुकला तर. कायद्यातच तसे आहे.

५) ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो खर्च न घेता दुरुस्त करायचा असतो. ही जबाबदारी झटकणारी ओळ करारात आहे का, ते पाहा.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांत कराराचा नमुना दिलेला आहे. वकिलाला तो नमुना आणि बिल्डरचा करार शेजारी ठेवून वाचायला सांगा. काय गाळले आणि काय घुसडले, ते लगेच समजते.

जुने घर घेताना काळजी वेगळी. विकणाऱ्याकडे घर कसे आले, त्याची साखळी तपासावी. इंडेक्स टू पाहावा, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा, घरावर कर्ज आहे का ते विचारावे. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर घेऊ नका. त्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितले आहे.

प्लॉट घेणाऱ्यांनी सातबारा नीट वाचावा. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल तर थांबा. आपल्या बापजाद्यांच्या वतनी जमिनी अशाच शर्तीच्या आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्यांचा व्यवहार टिकत नाही. अशा जमिनीवर प्लॉट पाडून आपल्याच माणसांना विकणारे दलाल गावोगाव आहेत.

काही जण म्हणतात, "बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद पक्का." बँक आपल्या कर्जापुरते पाहते. तुमचा हप्ता चुकल्यावर बिल्डर किती व्याज लावणार, याची चिंता बँक करीत नाही.

आता प्रश्न वकिलाच्या फीचा. आयुष्याची कमाई लावताना काही हजारांकडे पाहू नये, हे खरे. पण तेवढेही नसतील तर? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये अनुसूचित जातीची व्यक्ती आणि प्रत्येक स्त्री मोफत विधी सेवेस पात्र ठरते. तिथे उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. या कायद्यात 'विधी सेवा' म्हणजे नुसता खटला लढणे नव्हे, कायद्याचा सल्ला देणेही त्यात येते. जातीचा दाखला घेऊन तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. ही भीक नाही, हक्क आहे.

भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. घर केवळ महिलेच्या नावे घेतले तर २०२१ पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २८ लाखांच्या घरामागे २८ हजार रुपये वाचतात, आणि घर बाईच्या नावावर राहते.

मामांचे काय झाले? कलम १३ चा उल्लेख करून बिल्डरला रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले आहे : एक तर करार नोंदवा, नाहीतर पैसे व्याजासह परत करा. उत्तर आले नाही तर महारेराकडे तक्रार करायची, असे ठरले आहे. निघताना मामी म्हणाल्या, "भाऊ, आम्ही आधी यायला पाहिजे होतं." मी काय बोलणार? आमच्या वसाहतीत दर रविवारी सकाळी आम्ही चार जण कागद वाचायला बसतो. तुमच्या वस्तीतही शिकलेली मुले आहेत. त्यांना बसवा, आणि सही करायच्या आदल्या दिवशी कागद त्यांच्यापुढे ठेवा.