आवडत्या तबकड्यांची यादी आणि आपली विस्मृती

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चाहत्यांना एक जुना छंद आहे. एखादे गेलेले दशक निवडायचे आणि त्या दशकातील आपल्या आवडत्या दहा तबकड्या कोणत्या, हे क्रमवार सांगायचे. दशक बहुधा १९७० ते १९७९ हेच असते आणि यादीतील नावेही फारशी बदलत नाहीत. लेड झेपेलिनची चौथी तबकडी (१९७१), पिंक फ्लॉइडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३), ईगल्सची ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ (१९७६), फ्लीटवुड मॅकची ‘रूमर्स’ (१९७७) ही त्यांतली ठरलेली मंडळी. भांडण होते ते क्रमावरून. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने या रिकामटेकड्या वाटणाऱ्या छंदाची दखल वृत्तपत्राच्या पानावर का घ्यावी, असे वाचकांना वाटेल. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हा छंद रिकामटेकडा नाही. आवडीची यादी ही एक प्रकारची मागणी असते. आणि ज्या समाजात ती मागणी कोणी बोलून दाखवीत नाही, त्या समाजाचे संगीत आधी बाजारातून जाते आणि मग स्मरणातून. मराठी संगीताच्या बाबतीत आज नेमके हेच घडत आहे.

प्रथम तबकडी म्हणजे काय, हे पाहू. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचे एक गाणे मावत असे. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने दीर्घ तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. हा बदल केवळ तांत्रिक नव्हता. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा सलग अवकाश मिळाल्यामुळे कोणते गाणे आधी, कोणते नंतर, पहिली बाजू कोठे संपवायची, याचा विचार करणे कलावंताला भाग पडले. सुट्या कवितांऐवजी खंडकाव्य लिहावे तसे हे झाले. १९७० च्या दशकातील रॉक कलावंतांनी हा अवकाश पुरेपूर वापरला. त्यांचे चाहते गाण्यांची नव्हे, तर तबकड्यांची यादी करतात, याचे कारण हेच.

हे संगीत आपल्याला अगदीच परके होते, असेही नाही. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’ या तबकडीचा मोठा भाग ध्वनिमुद्रित केला होता. १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट हेही मुंबईत येऊन येथल्या वादकांबरोबर काही गाणी मुद्रित करून गेले. क्वीन या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण पाचगणीला झाले होते. पण मुंबई-पाचगणीची गोष्ट वेगळी आणि मराठवाड्याची वेगळी. ज्या १९७२ साली हे पाहुणे मुंबईत आले, त्याच साली आमचा मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि शेतकरी कुटुंबे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. औरंगाबादेत त्या काळी ज्यांच्याकडे तबकडी वाजविण्याचे यंत्र होते, ती घरे बोटांवर मोजता आली असती. बाकीच्यांचे संगीत म्हणजे रेडिओ, उरुसातील कव्वाली, सप्ताहातील भजन आणि लग्नातला कर्णा. तेव्हा कोणाच्याही आवडत्या तबकड्यांची यादी वाचताना, ती तबकडी विकत घेणे त्या काळी कोणाला परवडत होते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. आवड ही निव्वळ रुचीतून जन्मत नाही. किंमत, पुरवठा आणि फुरसत हे तिघेही तिच्या घडणीत वाटेकरी असतात.

ध्वनिफितीने हे चित्र पालटले. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि संगीत खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. प्रस्तुत लेखकाने पिंक फ्लॉइड प्रथम ऐकले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, महाविद्यालयात असताना, शहरातल्या एका लहानशा दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटवर. नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटच्या दोन बाजूंवर दोन तबकड्या बरोबर बसत. व्यवहार बेकायदेशीर होता, हे तेव्हा ना दुकानदाराला टोचले ना आम्हाला. पण त्या कॅसेटवर कागद कोरा होता. कोण गाते, कोण वाजवते, कोणी लिहिले, काहीच नव्हते. संगीत स्वस्तात हाती आले. नावे मात्र वाटेतच गळून पडली. या गळतीचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही.

रॉकच्या चाहत्यांनी तो मांडला, हे त्यांचे मोठेपण. त्यांना गायकाचेच नव्हे, तर ध्वनिमुद्रकाचेही नाव ठाऊक असते, आवरणाचे चित्र कोणी काढले हेही ठाऊक असते. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये क्लेअर टोरी या गायिकेने एका रचनेत शब्दांवाचून केवळ आलापी केली आहे. १९७३ साली तिला त्या कामाचे तीस पौंड मिळाले होते. पुढे तबकडी अमेरिकेच्या विक्रीयादीत सातशेहून अधिक आठवडे राहिली. २००४ साली टोरीबाईंनी रचनेच्या श्रेयासाठी न्यायालयात दावा लावला. २००५ मध्ये तडजोड झाली आणि रचनाकारांत त्यांचे नाव लागले. तीस वर्षांनंतर हा हक्क मागता आला, याचे एक कारण असे की, त्या स्वरामागचे नाव पहिल्यापासून आवरणावर छापलेले होते आणि ते आवरण हजारो घरांत जपलेले होते. जपलेले आवरण हा एक दस्तऐवज असतो, हे आपण लक्षात घेतलेले नाही.

आता आपल्या घरात डोकावू. त्याच दशकात मराठीतही दीर्घ तबकडीचा अवकाश ओळखणारे कलावंत होते. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली ‘शिवकल्याणराजा’ ही तबकडी आली. पंडित हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत, लता मंगेशकर यांचा स्वर, बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन; आणि काव्य रामदास-भूषणांपासून कुसुमाग्रजांपर्यंतचे. तीन शतकांतील कवींना एका सूत्रात ओवणारी ती रचना होती. क्रम मोडला तर तिचा अर्थच मोडतो. श्रीनिवास खळे यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेली ‘अभंग तुकयाचे’ ही तबकडीही अशीच एकसंध. आज यांची अवस्था काय आहे? गाणी उपलब्ध आहेत, नाही असे नाही. पण ती सुटी, विस्कटलेली, भक्तिगीतांच्या भाऊगर्दीत कोठेतरी. निवेदन गाळलेले, क्रम बदललेला, कवीचे नाव बहुधा नाही, वादकांचे तर नाहीच. ग्रंथाची पाने फाडून रस्त्यावर सुटी विकावीत, तसा हा प्रकार आहे. आणि त्याविरुद्ध कोणी ब्र काढीत नाही.

आमच्या शहराचेच उदाहरण घ्या. ज्या औरंगाबादेने उर्दू काव्याला वली आणि सिराज दिले, त्याच शहराचे विसाव्या शतकातील कवी बशर नवाज. ‘बाजार’ (१९८२) या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेले आणि भूपेंद्र सिंह यांनी गायिलेले गीत आजही लोकांच्या ओठी आहे. संगीत खय्याम यांचे, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण ते शब्द ज्याच्या लेखणीतून उतरले तो कवी आपल्याच गावात राहत होता, २०१५ साली येथेच आपल्यातून गेला, हे वर्गातल्या किती मुलांना माहीत आहे, याची चौकशी मी दरवर्षी करतो. हात फारसे वर जात नाहीत. दोष मुलांचा नाही. त्यांच्यापर्यंत गाणे पोहोचले, आवरण पोहोचले नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. आवडत्या तबकड्यांच्या याद्या हा सुखवस्तू, शहरी, बहुतांशी उच्चवर्णीय घरांतला खेळ आहे. त्यांत वामनदादा कर्डक यांच्या गीतांना किंवा प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाला कोठे जागा असते? आक्षेप खरा आहे. मराठवाड्यात आंबेडकरी गीतांनी माणसे जागी केली, ती प्रामुख्याने गायनपार्ट्यांच्या मंचावरून आणि पुढे स्वस्त कॅसेटवरून. देखण्या आवरणाची चैन त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. पण याचा निष्कर्ष यादी करू नये असा निघत नाही; ती अधिक मोठ्या समाजाने करावी, असा निघतो. उलट या संगीताचाच नाश सर्वांत लवकर होणार आहे. चांगली राखलेली तबकडी साठ-सत्तर वर्षांनीही वाजते. स्वस्त ध्वनिफितीवरचा चुंबकीय लेप त्या मानाने फार लवकर खराब होतो, बुरशी धरतो. श्रीमंतांचे संगीत टिकाऊ माध्यमावर आणि गरिबांचे नाशवंत माध्यमावर, ही विषमता आपोआप दूर होणार नाही.

तेव्हा प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. अमेरिकेत २००० सालच्या कायद्यान्वये राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूची तयार झाली. तेथील संसदेचे ग्रंथालय आता दरवर्षी पंचवीस ध्वनिमुद्रणे जतनासाठी निवडते आणि सामान्य नागरिकालाही नावे सुचविता येतात. अट एवढीच की ध्वनिमुद्रण किमान दहा वर्षांपूर्वीचे असावे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या सूचीत २०१२ च्या निवडीत आली. चाहत्यांच्या गप्पांतली आवड अशा रीतीने राष्ट्राच्या दप्तरी नोंदली जाते.

आपल्याकडे १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्या लागतात; पुढे वृत्तपत्रांचाही त्यात समावेश झाला. ध्वनिमुद्रणाला हे बंधन नाही. म्हणजे एखाद्या सामान्य पाठ्यपुस्तकाची प्रत सरकारदरबारी जपली जाईल, आणि ‘शिवकल्याणराजा’ जपण्याची जबाबदारी मात्र कायद्याने कोणावरही नाही. दुसरीकडे स्वामित्वहक्काचा कायदा सांगतो की ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो. १९७४ ची तबकडी २०३४ अखेरपर्यंत कंपनीच्या मालकीची आहे, आणि तिच्यातील काव्य-संगीतावरचे हक्क त्याहूनही पुढे जाऊ शकतात. मालकी आहे, जतनाचे कर्तव्य नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना मानधनाचा हक्क दिला, हे स्वागतार्हच. पण ज्याचे नावच पुसले गेले, त्याला मानधन कोण आणि कसे देणार?

कंपन्यांना केवळ दोष देऊन भागणार नाही. व्यापारी संस्था मागणी पाहून माल काढते. पाश्चात्त्य कंपन्या जुन्या तबकड्या मूळ क्रमाने, मूळ आवरणासह, पूर्ण नामावलीनिशी पुनःपुन्हा काढतात, कारण चाहते त्यांची नावे सतत घेत राहतात. २०२० साली अमेरिकेत तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८० च्या दशकानंतर प्रथमच सीडीपेक्षा अधिक झाले. आपल्या मनात आवड आहे. पण मनातली आवड बाजाराला दिसत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ती प्रभावी मागणी नव्हे.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. पुस्तकांप्रमाणेच प्रत्येक ध्वनिमुद्रणाची प्रत संपूर्ण नामावलीसह सार्वजनिक संस्थेत जमा करण्याचे बंधन केंद्र सरकारने घालावे. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला; तेव्हा राज्य शासनाने मराठी ध्वनिमुद्रणांची एक सूची करावी आणि तिच्यात नावे सुचविण्याचा अधिकार श्रोत्यांना द्यावा. आणि १९५८ पासून या प्रदेशाच्या ज्ञानाची धुरा वाहणाऱ्या आमच्या मराठवाडा विद्यापीठाने येथल्या तबकड्या, कॅसेटी आणि त्यांची आवरणे गोळा करण्याचे काम हाती घ्यावे. मुंबईतील ध्वनिमुद्रिका संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० पासून हे काम हौसेने करीत आली आहे. हौसेला जे जमते ते विद्यापीठाला जमू नये, असे मानण्याचे कारण नाही.

यांपैकी काहीही होण्याची वाट न पाहता वाचकांना एक गोष्ट आजच करता येईल. आपल्या घरातील माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी जे खोके आहे, ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी उघडावे, आवरणावरची नावे एका वहीत उतरवावीत आणि आपल्या आवडत्या दहांची यादी करावी. शेजाऱ्याशी क्रमावरून भांडण झाले तर उत्तमच. ज्या संगीतासाठी कोणी भांडतही नाही, ते फार दिवस टिकत नाही.