भूक कुणाच्या ताब्यात?

बेलापूरहून वाहत गेलेली प्रवरा प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. तिथे पसरलेल्या जायकवाडीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात मध्य आशियातून पट्टकदंब येतात आणि आसपासच्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. परतीच्या प्रवासाआधी स्थलांतरी पक्ष्यांची भूक वाढते, अंगावर चरबी चढते. काही लहान जातींचे वजन जवळजवळ दुप्पट होते. त्यांना कुणी खादाड म्हणत नाही. माणसाचे वजन वाढले की मात्र आपण थेट त्याच्या जिभेला आणि मनाच्या दुबळेपणाला दोष देतो. हा दोषारोप अन्यायाचा आहे, आणि शास्त्राचाही त्याला आधार नाही.

पक्ष्यांना दाणे भरपूर मिळतात म्हणून ते जाड होतात, असे कुणी म्हणेल. सैबेरियातला हॅमस्टर हा छोटा उंदरासारखा प्राणी याचे उत्तर देतो. दिवस लहान झाले की पुढ्यात हवे तितके अन्न असूनही तो कमी खातो आणि वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक गमावतो. या काळात त्याला काही दिवस अर्धपोटी ठेवून पुन्हा मनसोक्त खाऊ घातले, तर तो जुन्या वजनावर परतत नाही. ऋतूच्या त्या टप्प्यावर जितके वजन असायला हवे, तिथेच येऊन थांबतो. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. रात्रीची लांबी मेलाटोनिन या संप्रेरकामार्फत मेंदूला कळते, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातले थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण बदलते आणि शरीर राखू पाहते ते वजनच सरकते.

माणूस हॅमस्टर नाही, हे खरेच. बेलापूरला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत सव्वादोन तासांच्या आसपासच फरक पडतो आणि आपले वजन त्यावर असे हेलकावे खात नाही. पण हायपोथॅलॅमस आपल्यालाही आहे. चरबीच्या साठ्याची खबर त्याला देणारे लेप्टिन 1994 मध्ये सापडले. उपाशी राहून वजन उतरवले की लेप्टिन घटते, भूक वाढते, शरीर ऊर्जा जपून वापरू लागते. म्हणूनच उतरलेले किलो बहुधा परत येतात. मग पथ्य सोडून द्यायचे का? मुळीच नाही. मधुमेह्याला ते पाळावेच लागेल, आणि स्वस्त गोड-तळलेले पदार्थ, अपुरी झोप यांना आवर घालणे आपल्या हातात आहे. मात्र डॉक्टरांनी ‘कमी खा’ एवढे सांगून रुग्णाला परत पाठवू नये, वाढलेल्या भुकेवरही उपचार करावेत. आणि घरच्यांनी ताटावर बसलेल्या माणसाला टोमणे मारणे आजपासून थांबवावे.