मांजरपाट

गेल्या रविवारी आमच्याच इमारतीत, वसई पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर गेले होते. तिथली मुलगी फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉलमधला टीपॉय भिंतीला सरकवलेला, मधोमध डमी आणि डमीवर टाचण्यांनी अडकवलेला मांजरपाट. महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी सगळे प्रयोग या मांजरपाटावर करायचे असतात. ती एका बाहीशी झगडत होती. हात खाली असला की बाही सुरेख पडायची, पण हात वर केला की अख्खा ड्रेस कमरेपासून ओढला जायचा. तिने शिवण उसवली, मुंढा जरा वर घेतला, बाहीचा गोलवा कमी केला, पुन्हा कच्ची टीप मारली. मग तो ड्रेस स्वतः अंगात घालून लोकलची कडी धरावी तसा हात उंच केला. कंबर जागची हलली नाही.

"काकी, आता यात विरार लोकलमध्ये उभं राहता येईल," ती म्हणाली.

चहा घेऊन आलेल्या तिच्या आईने मला हळूच विचारलं, "एवढी फी भरून शेवटी शिवायलाच शिकायचं, तर आपल्या गल्लीतला शिवणक्लास काय वाईट होता हो?"

प्रश्न मनापासूनचा होता. फी खरंच थोडी नसते. आठवडाभर मी त्याच प्रश्नाचा विचार करते आहे.

माझी आई शिवणकाम करायची. समोरच्या बाईकडे नुसतं बघून तिला खांदा किती उतरता आहे ते कळायचं. कापड कमी पडलं तर कुठे उरेब जोड द्यायचा, पाठीला पोक असेल तर मागची उंची किती वाढवायची, हे सगळं तिच्या डोक्यात असे. पैसे मात्र तिने आयुष्यभर शिलाईचे घेतले, डोक्याचे कधीच मागितले नाहीत. मागता येतात हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या लेखी फॅशन डिझाइनच्या शिक्षणाचं मोल इथे आहे. आईला जे हाताने येत होतं ते का येतं, हे तिथे शिकवतात. का ते कळलं की ते कागदावर उतरवता येतं, दुसऱ्याला समजावता येतं आणि त्याचे पैसे सांगता येतात.

आपल्या वसई पूर्वेच्या आणि नालासोपाऱ्याच्या गाळ्यांत जॉबवर्क चालतं. तिथे नगावर पैसे मिळतात, टाके जितके तितकी मजुरी. त्याच धंद्यात पॅटर्न काढणाऱ्याची गोष्ट वेगळी. एका मापाचा पॅटर्न सगळ्या मापांत नेणं, ते तुकडे कापडावर असे बसवणं की चिंधी कमीत कमी निघेल, हे त्याचं काम. नगामागे 5 सेंटिमीटर कापड वाचवलं तर 2,000 नगांत 100 मीटर वाचतं. मालकाला हा हिशेब पाठ असतो, म्हणून तो या माणसाला सांभाळून ठेवतो.

आणि मोठं उदाहरण हवं असेल, तर ते मराठी घरातलंच आहे. भानू अथैया, माहेरच्या राजोपाध्ये, कोल्हापूरच्या. वडील चित्रकार, ते लवकर गेले. भानूताईंनी मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं, मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं केली आणि तिथून त्या कपड्यांकडे वळल्या. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली. 'ब्रह्मचारी'मध्ये मुमताजची ती केशरी साडी आठवते? नाचताना सुटू नये म्हणून ती शिवलेली होती, चेन लावलेली. साडी दिसावी साडीसारखीच, पण तिने वागावं शिवलेल्या कपड्यासारखं, हा प्रश्न त्यांनी सोडवला. 1983 साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. त्या सिनेमात कितीतरी कपडे साधे, खादीचे. साध्या कपड्यातून काळ आणि माणूस उभा करायला केवढा अभ्यास लागला असेल!

अभ्यासाला आपल्या वसईतही काय कमी आहे? कुपारी समाजातल्या बायकांचं लाल चौकडीचं लुगडं बघा. शेतात वाकावं लागतं, डोक्यावर टोपली घ्यावी लागते, त्याला सोयीची पडेल अशी त्याची नेसण असते. ती नेसण मापं घेऊन, चित्रं काढून कुणी शिकलेल्या मुलीने नोंदवून ठेवावी, असं मला फार वाटतं. नेसणाऱ्या आज्या आता थोड्या उरल्या आहेत.

प्रवेश मात्र डोळे उघडे ठेवून घ्या. खारघरच्या निफ्टसाठी देशभराची प्रवेश परीक्षा असते. त्यात चित्र काढायला लावतात आणि पुढे सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या वस्तूंतून हाताने काही घडवून दाखवावं लागतं. जुहूला एसएनडीटी आहे. पण चकचकीत पत्रकं काढून लाखांत फी सांगणाऱ्या जागाही पुष्कळ. तिथे गेलात तर रॅम्पवरचे फोटो बघू नका. मुलांनी शिवलेला कपडा मागा, उलटा करा, आतली शिवण बघा. आठवड्यातून किती तास पॅटर्न शिकवतात ते विचारा. आणि मुलीलाही आधीच सांगा की पहिली दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली जातील, पगार थोडा असेल, हिंदमाता आणि मंगलदास मार्केटमधून कापडाचे गठ्ठे लोकलमधून आणावे लागतील. हे ऐकूनही तिला जायचं असेल, तर अडवू नका.

त्या रविवारी मी यातलं काही नीट बोलू शकले नाही. चहा संपवला. तिची आई डमीपाशी गेली, त्या बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "माझ्या ब्लाउजचंही असंच होतं गं. वरच्या फळीवरचा डबा काढायला गेलं की काखेत ओढतं."

मुलीने गळ्यातली टेप काढली. "हात वर कर आई. अजून. डबा काढतेस तेवढा."