दोस्तांचे युद्ध आणि मिरकरवाड्याचा तांदूळ

ज्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून बंदिवासात ठेवले, त्याच ब्रह्मदेशातील रंगून मार्च १९४२ मध्ये जपानच्या हाती पडले. दोस्त राष्ट्रांच्या इतिहासात या घटनेची नोंद लष्करी पराभव म्हणून होते. मिरकरवाड्यासारख्या वस्तीच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच, की रंगूनचा तांदूळ बंद झाला.

मच्छीमार भात पिकवत नाही. मासळी विकावी आणि तांदूळ घ्यावा, हा त्याचा अर्थव्यवहार. रत्नागिरी जिल्हाही मुळात धान्याच्या तुटीचा आणि मुंबईच्या मनिऑर्डरींवर तगणारा. अशा माणसाचे पोट गोदामातील साठ्यापेक्षा मासळीचा भाव आणि तांदळाचा भाव यांच्या परस्परप्रमाणावर अवलंबून असते.

वस्तुतः ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ हिंदुस्थानच्या एकूण पुरवठ्याच्या फार तर पाच-सहा टक्के होता. तेवढ्या तुटीने लाखो माणसे मरत नाहीत. परंतु दोस्तांच्या युद्धासाठी येथे माल खरेदी होई, त्याचे मोल लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. १९३९ ते १९४५ या काळात चलनी नोटा सुमारे सहापट झाल्या. गाडगीळ व सोवनी यांनी या युद्धकालीन अर्थनीतीची चिकित्सा १९४३ मध्येच केली होती. ज्यांचे उत्पन्न भावांबरोबर वाढले नाही, त्यांच्या ताटातून हा युद्धखर्च वसूल झाला.

बंगालमध्ये तर जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून १९४२ मध्ये सरकारने किनारी भागातील हजारो होड्याही काढून घेतल्या वा नष्ट केल्या. पुढील दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेल्यांत शेतमजुरांबरोबर मच्छीमार होते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले. स्वातंत्र्याच्या नावाने लढणाऱ्या साम्राज्याने आपल्याच प्रजेची साधने हिरावून घेतली, हे सत्य नाकारता येणार नाही.

मुंबई प्रांतात असे मृत्युतांडव झाले नाही. मुंबई शहरात मे १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झाले. गिरण्या व गोदी चालू राहाव्यात हा त्यामागील राज्यकर्त्यांचा स्वार्थ असेल. तथापि ठरावीक भावाने ठरावीक धान्य हे तत्त्व त्यातून रुजले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याला हक्काचे रूप दिले.

आज हाच हक्क रोख रकमेत बदलण्याकडे कल आहे. चंडीगढ व पुदुच्चेरी येथे २०१५ मध्ये आणि महाराष्ट्रातील चौदा जिल्ह्यांच्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांसाठी २०२३ मध्ये, दरमहा दरडोई १५० रुपयांनी, हा प्रयोग सुरू झाला. १९४३ चा धडा याच्या नेमका विरुद्ध आहे. भाव भडकले की रुपया आक्रसतो. किलो आक्रसत नाही. पुढचे युद्ध कोणत्या समुद्रात पेटेल, हे मिरकरवाडा ठरवणार नाही. त्याची किंमत मिरकरवाड्याच्या ताटातून वसूल होऊ नये, हे मात्र लोकनियुक्त सरकार ठरवू शकते आणि त्याने ते ठरवलेच पाहिजे.